दूषित नमुना

“पण मॉडेलमध्ये चूक होती कुठे, ते तरी दाखवा ना, बाई!”

मकरंद पोंक्षे हे तिसऱ्यांदा म्हणाला. आवाज चढला होता, आणि तो चढलाय हे त्याचं त्यालाही कळत होतं.

गुंजाळबाईंनी त्यानं आणलेला अहवाल बाजूला सारला. ढगात बर्फ कसा धरतो हे चाळीस वर्षं शिकवून त्या आता डोंगरावरच्या जुन्या वेधशाळेशेजारी दोन खोल्यांत राहत होत्या. मकरंद त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हुशारीला तोड नव्हती, आणि ऐटीलाही.

आज मात्र स्वारीचं तोंड उतरलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ‘गारपीट होणार नाही’ असं त्यानं संगणकावर हवामानाचं मॉडेल चालवून छातीठोकपणे सांगितलं, आणि त्याच दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. उद्या चौकशी समितीपुढे अहवाल द्यायचा होता. ‘घटना सर्वस्वी अकल्पित होती’, असं त्यात लिहिलेलं. खाली तज्ज्ञ म्हणून बाईंची सही पडली की गडी सुटला!

“शून्याखाली पंधरा अंशांवरही ढगातलं पाणी पाणीच राहतं. का रे?” बाईंनी विचारलं.

मकरंदला हसूच आलं. हा तर पहिल्या वर्षाचा प्रश्न.

“स्वच्छ असतं म्हणून. धुळीचा कण मिळाला, की त्याच्या अंगावर बर्फ धरतो.”

“त्या दिवशी कण किती होते?”

“नेहमीइतकेच धरले होते.”

“धरले होते… मोजले नव्हते?”

रोज सकाळी पांढऱ्या गाळणकागदातून हवा ओढायची, कागदावर अडकलेले कण मोजायचे आणि तो आकडा मॉडेलला द्यायचा, हा मकरंदच्या हवामान केंद्रातला शिरस्ता. त्या सकाळी कागद तांबडा निघाला होता. शेजारी रस्त्याचं काम चाललेलं. खडीच्या ट्रकांची धूळ असणार, म्हणून त्यानं वहीत लिहून टाकलं: ‘दूषित नमुना, वगळला.’ धूळ ट्रकांची नव्हतीच. लांबच्या वाळवंटावरून वाऱ्यानं आणलेली ती धूळ वर ढगातही शिरली होती. त्याला हे कळलं चार दिवसांनी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून अहवालात त्याचा उल्लेख नव्हता.

आता मात्र त्यानं सगळं सांगून टाकलं. मग एकदम उसळून म्हणाला, “वगळायला तुम्हीच शिकवलंत, बाई! घाण कागद आला की टाकून द्यायचा!”

“शिकवलं खरं…” बाईंचा आवाज बसला. “माझंही चुकलंच रे.”

त्याला जरा धीर आला.

“आणि नऊशे कागदांतला एक कागद, बाई. एकानं काय सरासरी हलते?”

“नाही हलत,” बाई म्हणाल्या. “आणि त्या गारांत माणसं किती गेली?”

“एकच.” त्यानं मान खाली घातली. “शेवंता. बिराप्पा मेंढपाळाची बायको. त्याचा फोन आला होता मला… माळावर थांबू का गावात जाऊ, म्हणून. मी म्हटलं, खुशाल थांबा.”

“तालुक्यात माणसं किती?”

“असतील दोन लाखांच्या वर…”

बोलता बोलता तो थांबला. बाईंकडे बघायची हिंमत होईना.

बाईंनी अहवाल पुढे ओढला. पानं उलटत शेवटच्या पानावर आल्या, आणि ‘मृत’ या रकान्यातल्या शेवंताच्या नावावर बोट ठेवलं. मग पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.

“हे नाव खोड. लगेच सही करते.”