मुक्या प्रार्थनेवरचा पहारा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. एवढंच समजा, की तेव्हाची जाणती माणसंही आजच्यासारखीच होती. चूक करायची आपण, आणि मग गाव गोळा करून गुन्हेगार शोधायचा दुसराच.

समुद्राच्या काठी एक गाव होतं. सगळे मासेमार. गावाच्या मधोमध क्रुसाचं देऊळ होतं. तिथं दर रविवारी उजव्या अंगाला पुरुष बसत, डाव्या अंगाला बायका. पुरुषांच्या बाजूला, पुढून दुसऱ्या बाकावर बस्तू बसायचा.

बस्तूने उभ्या आयुष्यात एक रविवार चुकवला नव्हता. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, म्हणून सगळ्यांना माहीत होतं. धुतलेला सदरा, तेल लावून चोपलेले केस, हातात जपमाळ. देवाबद्दल त्याचं मत ठाम होतं: देव म्हणजे मोठा पाटील. नेमाने समोर जाऊन तोंड दाखवलं, की तो आपल्याला ओळखीत ठेवतो.

बाकी त्याच्या मनात श्रद्धा बेताची आणि शंका पोतंभर. पाद्रीबाबांचा उपदेश लवकर संपला, की याला वाटायचं, आज यांना कुठंतरी जेवणाचं बोलावणं आहे. शेजाऱ्याने मोठी मेणबत्ती लावली, की वाटायचं, पापही तेवढंच मोठं असणार. आभाळात ढग दिसला, तर तो कुणाच्या सांगण्यावरून आला, इथवर या माणसाचा विचार जायचा. आणि बायकोच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं, तर हा ताट बाजूला सारून आधी विचारायचा, "टाकताना लक्ष कुठं होतं तुझं?"

बायकोचं नाव रजीन. ती समुद्राकडची नव्हती. डोंगराच्या पायथ्याला भाताचं एक गाव होतं, तिथून ती लग्न होऊन आली होती. त्यांची एकुलती लेक फिलू, तिलाही त्यांनी त्याच गावात दिली होती.

आता देवळातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. मोठ्याने म्हणायच्या प्रार्थना संपल्या, की पाद्रीबाबा छोटी घंटी वाजवत आणि गप्प राहत. मग ज्याने त्याने आपल्या मनातलं मागायचं. तिला मुकी प्रार्थना म्हणत. दुसरी घंटी होईपर्यंत देवळात फक्त खोकला आणि समुद्र ऐकू यायचा. कुणी काय मागितलं, ते विचारायचं नसे. नवऱ्याने बायकोला नाही, आईने लेकीला नाही.

त्या वर्षी पावसाळा संपला, पण आभाळ काही हटेना. रोज ढग, रोज भुरभुर. वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोरांवर, बोंबील टांगलेले असत. ते सुकायच्या ऐवजी सडू लागले. हात लावला की अळ्या.

पूर्वी असं होत नसे. पूर्वी गावाचं मासे सुकवायचं खळं टेकाडावर होतं. तिथं वारा असा झोंबायचा, की ढगाळ दिवसांतही बोंबील कडक व्हायचे. पण गेल्या उन्हाळ्यात पाटलाला नवे मचवे बांधायला जागा हवी झाली. त्याने सभा बोलावली, टेकाड स्वतःकडे घेतलं आणि गावाला खाडीकडची सखल, चिखलाची जागा दिली. सभेत पहिला 'हो' म्हणाला बस्तू. का? तर पाटलाने त्याला आपल्या शेजारी चटईवर बसवलं होतं. जाणती माणसं एवढ्यावर विकली जातात. पैसाही लागत नाही.

बोंबील सडले तेव्हा खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते तोंडावर आणलं असतं, तर 'हो' म्हणणारी तोंडंही आठवली असती. म्हणून सगळे वर ढगांकडे पाहून उसासे टाकत होते.

एका रविवारी देवळातून लोक बाहेर पडले, तेव्हा पाटील पायरीवर उभा होता.

"आपण सगळे देवाकडे एकच मागतो ना? ऊन?"

"हो!"

"मग येत का नाही? देव बहिरा आहे?"

"नाही!"

"मग याचा अर्थ काय? कुणीतरी उलटं मागतंय. मुक्या प्रार्थनेत. चोरून."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे, सासूने सुनेकडे. गंमत बघा, टेकाडाकडे मात्र एकानेही मान वळवली नाही.

कोंसूमाय नावाची एक बोळकी म्हातारी होती. उभं आयुष्य मासे विकण्यात गेलेलं, त्यामुळे जिभेला भीड नाही. ती म्हणाली, "अरे पाटला, देव काय तराजू घेऊन बसलाय? इकडचे चार आवाज वाढले की इकडं कलला, तिकडचे वाढले की तिकडं?"

चारजण हसले. पाटील हसला नाही, म्हणून तेही थांबले.

"भाताच्या गावांना अजून पाऊस हवाय," पाटील शांतपणे म्हणाला. "दाणा भरायचाय त्यांचा. आणि त्या गावांतून आलेल्या बायका आपल्या देवळात बसतात. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. बस्तूच्या पोटात ते नाव आधीच जाऊन बसलं होतं.

घरी रजीन बोंबलावरच्या अळ्या झाडत बसली होती. बस्तू दारातच उभा राहिला.

"आज मुक्या प्रार्थनेत काय मागितलंस?"

"ते विचारत नसतात."

"मी विचारतोय."

"तू काय, मांजर उंबऱ्यावर का बसलं, तेही विचारतोस."

"विषय बदलू नकोस. तुझ्या माहेराला पाऊस हवाय ना?"

"हवाय. फिलूच्या शेतालाही हवाय." तिने हातातला बोंबील खाली ठेवला. "ती काय माझ्या एकटीची लेक आहे, फिलूच्या बापा?"

बस्तूने त्यातूनही आपल्याला हवं ते काढलं. सरळ सांगत नाही, म्हणजे सांगण्यासारखं नाही! लेकीचं भात वाळून गेलं तर काय, हा विचार त्याच्या डोक्याच्या दारापर्यंत आला होता. त्याने त्याला आत घेतलं नाही.

पुढच्या रविवारी पहिली घंटी झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. बस्तूने मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून बायकांच्या बाकांकडे पाहिलं. कुणाचे ओठ भरभर हलत होते, कुणाचे सावकाश. रजीनचे हलतच नव्हते. हात मांडीवर सैल पडलेले. कपाळावर एक आठी नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बस्तूने तिचा असा चेहरा घरात कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला तो चेहरा पाहून बरं वाटलं असतं, किंवा निदान लाज. बस्तूला संशय आला. इतकी निवांत बाई नक्की काहीतरी लपवत असणार.

तो देवळातून थेट पाटलाच्या ओसरीवर गेला. पाटलाने चटई झटकली.

"बस, बस्तू. बोल."

"तिचे ओठ हलत नाहीत."

"कुणाचे?"

"माझ्या घरातलीचे."

"शाबास," पाटील म्हणाला. "बायकोपेक्षा देव मोठा मानतोस. अशी माणसं राहिली कुठं आता?"

बस्तू त्या संध्याकाळी छाती फुगवून घरी गेला.

पाटलाने हुकूम काढला: पुढच्या रविवारी भाताच्या गावांहून आलेल्या बायकांनी आपली मुकी प्रार्थना मोठ्याने म्हणायची. पाद्रीबाबा यावर काही बोलले का? बोलले. "मुकी प्रार्थना मुकीच बरी," असं ते म्हणाले, पण ते फक्त त्यांच्या दाढीला ऐकू गेलं. देवळाच्या छपराला नवी कौलं पाटील देणार होता ना.

तो रविवार उजाडला. देऊळ खच्चून भरलं. एकेक बाई उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मी ऊन मागते." दुसरीही तेच, तिसरीही तेच. मनातलं काय होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. देवासमोर खोटं बोलायला गावाने त्यांना भाग पाडलं, आणि गाव माना डोलवत राहिलं.

मग रजीन उभी राहिली.

"मी काही मागत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" पाटील बाकावरून पुढे झुकला.

"म्हणजे काही नाही. घंटी वाजते, मी डोळे मिटते आणि नुसती बसते." तिने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. "घरी मला विचारतात, कुठं गेलीस, कुणाशी बोललीस, मीठ का जास्त पडलं, हसलीस कशाला. इथं दोन घंट्यांच्या मधे मला कुणी काही विचारत नव्हतं. आठवड्यात तेवढंच माझं होतं. आता तेही तुम्ही घेतलंत."

मग ती पाटलाकडे वळली.

"आणि उन्हाचं मला काय विचारता? बोंबलांचा वारा कुठं गेला ते विचारा. मला नको. ज्याने घेतला त्याला."

कोंसूमाय फिस्सकन हसली. पाटलाचा चेहरा काळवंडला, पण माणूस कसलेला. तो उठला आणि लोकांकडे वळला.

"ऐकलंत? गाव मरायला टेकलंय, आणि ही देवाच्या दारात बसून ऊन मागत नाही! आपल्या तोंडाने सांगते! आभाळ मोकळं होईपर्यंत हिने या देवळाची पायरी चढायची नाही." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "बस्तू, तू धर्माचा माणूस. तू सांग. तू म्हणालास तर राहू दे तिला."

सगळं देऊळ बस्तूकडे वळलं. रजीनही बघत होती. विनवणी नव्हती त्या बघण्यात. हा माणूस आता तरी उभा राहतो का, एवढंच ती पाहत होती. त्याने नुसतं उठून तिच्या शेजारी जायचं होतं. मधे अंतर किती? दोन बाकांमधल्या वाटेएवढं.

बस्तूला वाटलं, उठलो तर लोक म्हणतील, दोघांचं संगनमत आहे. त्याने जपमाळेकडे बघत म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा."

रजीनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती बाहेर पडली. घरी जाऊन तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली, आणि डोंगराची वाट धरली.

त्याच आठवड्यात आभाळ मोकळं झालं. ढग केव्हातरी जातातच. पण गावाने जल्लोष केला. "बघा! ती गेली आणि ऊन आलं!" पाटलाने बस्तूला चटईच्या मधोमध बसवलं. बस्तू रिकाम्या घरात परत यायचा, स्वतःच भात शिजवायचा आणि मीठ जास्त पडलं की विचारायला कुणी नसायचं.

आणि बोंबील? ऊन लागलं, पण खाडीकडच्या त्या खड्ड्यात वारा कुठून येणार? बोंबील वरून करपले आणि आतून सडले. व्यापारी आले, एक बोंबील मोडून पाहिला, नाकाला फडकं लावलं आणि निघून गेले.

आता गाव पुन्हा पायरीसमोर जमलं. आभाळ निळंशार होतं, त्यामुळे ढगांकडे बघायची सोय राहिली नव्हती. काही माना हळूहळू टेकाडाच्या दिशेने वळायला लागल्या. पाटलाने ते हेरलं.

"मुळाशी जायला हवं," तो घाईने म्हणाला. "बायको गेली, पण नवरा इथंच आहे. बायको तिकडं, लेक तिकडं. याचं मन कुणीकडं असेल? बस्तू, तू मुक्या प्रार्थनेत काय मागतोस रे?"

"मी?" बस्तू हसला. त्याला ती थट्टा वाटली. "पाटील, मी तर तुमचा..."

"माझा नको. देवाला काय सांगतोस ते सांग. मोठ्याने."

बस्तूने तोंड उघडलं. काय मागत होतो आपण? त्याने आठवून पाहिलं. गेल्या रविवारी पहिली घंटी झाली, तेव्हा तो शेजाऱ्याचे ओठ बघत होता. त्याच्या आधी कोंसूमायचे. त्याच्या आधी रजीनचे. त्याही आधी, वर्षानुवर्षं, कोण किती वेळ गुडघ्यावर आहे, तेच पाहत बसला होता. देवाशी बोलायची सवड त्याला मिळालीच नव्हती. 'ऊन' असं नुसतं म्हटलं असतं तरी सुटला असता. पण इतक्या डोळ्यांसमोर तोही शब्द त्याच्या जिभेवर येईना.

"बघा," पाटील म्हणाला. "ओठ हलत नाहीत."

त्यालाही देवळाची पायरी बंद केली. मधे पडायला कुणी पुढे आलं नाही. सगळे आपापल्या जपमाळेकडे बघत होते.

बस्तूने डोंगराची वाट धरली. वाटभर तो एकच शब्द घोकत होता: चुकलो. चढणीवर घोकला, ओढा ओलांडताना घोकला. आयुष्यात हा शब्द त्याने कधी वापरला नव्हता, म्हणून तो तोंडात नीट बसत नव्हता.

भाताचं गाव आलं. शेतं पिवळी झाली होती, लोंब्या दाण्यांनी वाकल्या होत्या. बांधावर रजीन उभी होती. डोक्याला फडकं, हातात विळा. शेजारच्या शेतातल्या कुणाशी तरी ती बोलत होती आणि मोठ्याने हसत होती.

तो माणूस आपल्या कामाला वळला. रजीनने बस्तूला पाहिलं. हसू ओसरलं, पण ती पळाली नाही, ओरडली नाही. विळा खाली ठेवून तो काय बोलतो, याची ती वाट बघत राहिली.

बस्तू जवळ गेला. त्याने तोंड उघडलं.

"कोण होता तो?" तो म्हणाला.

रजीनने विळा उचलला, पाठ फिरवली आणि ती भात कापायला लागली. अंधार पडेपर्यंत बस्तू बांधावर उभा होता. तिने पुन्हा मान वर केली नाही.

बोध: दुसऱ्याच्या मनावर पहारा देत जो जगतो, त्याला ना देवाशी बोलता येतं, ना आपल्या माणसाशी.