द्वारकाबाईंची तक्रार

नगराध्यक्ष रणधीरअण्णांचा वाढदिवस, म्हणून चौकात सकाळपासून डीजे दणाणत होता. नेमकी त्याच दिवशी शेजारच्या सभागृहात आवाजाच्या नियमांवर सभा! अण्णांनी माइकवरून दरडावलं, "कुणाला त्रास होतोय? उभं राहा!"

मागच्या सभेत उभ्या राहिलेल्या चहावाल्याची टपरी दुसऱ्याच दिवशी उचलली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बांगड्यांची गाडी लावणाऱ्या द्वारकाबाईंनीही. पण चौकातल्या घरात सासरे छाती धरून पडले होते. त्या उठल्या आणि नुसतेच ओठ हलवू लागल्या.

"मोठ्यानं बोल की बाई!"

ओठ हलतच राहिले.

अण्णा वैतागले. "काही ऐकू येईना. अरे, तो डीजे बंद करा आधी!"

डीजे थांबला.

"हं, काय तक्रार आहे?"

द्वारकाबाईंनी हात जोडले. "ती तुम्ही आत्ताच मिटवलीत, अण्णा."