खारीची हत्यारे आणि तुटका पट्टा

नदीच्या वळणावर जिथे पिवळी चिकणमाती निघते, तिथे एका करंजाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिच्या हातात मोठी कला होती. ज्याची हवी त्याची सुपारीएवढी मातीची मूर्ती ती हुबेहूब घडवून देई. सशाचा फाटका कान, मोराचे वाकडे बोट, कासवाच्या पाठीवरचा टवका, सगळे जिथल्या तिथे असे. हत्यारे म्हणाल तर दोनच : पुढचे दात आणि टोक चावून मऊ केलेली कडुनिंबाची एक काडी. माती मळावी, समोरच्याला उन्हात बसवावे, त्याच्याकडे डोळे भरून बघावे आणि मग काडी चालवावी, एवढेच तिचे शास्त्र होते.

एके सकाळी एक रानडुकरीण आपली पाच पिल्ले घेऊन तिच्या झाडाखाली आली. पाचांच्याही अंगावर पिवळे पट्टे होते. धाकट्याचा मात्र एक पट्टा डाव्या कुशीवर मध्येच तुटे आणि बोटभर जागा सोडून पुन्हा सुरू होई. डुकरीण म्हणाली, "खारूताई, या धाकट्याची मूर्ती करून दे. महिन्याभरात यांचे पट्टे जातील. गेल्या वर्षीची माझी सहा होती. आता कळपात समोरून जातात, पण कुठलं कोण ते मला ओळखू येत नाही. सगळी तपकिरी नि सगळी राठ. माझ्या लक्षात राहत नाही गं, म्हणून तर आले."

खारीला हसू फुटले. तिच्याही पाठीवर पट्टे होते. आईच्या होते, आजीच्या होते, आणि आजी म्हातारी होऊन गेली तेव्हाही तिचे पट्टे जागच्या जागी होते. "मावशी, पट्टे म्हणजे काय पाहुणे आहेत, दोन दिवस राहून जायला?" ती म्हणाली. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. उद्या आण पिल्लाला, बसू आपण." पिल्लाकडे तिने जाता जाता एक नजर टाकली आणि ती माती आणायला नदीवर गेली.

वरच्या फांदीवर एक कावळा बसला होता. त्याने जन्मात मातीला चोच लावली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारे कुणी नव्हते. खार माती घेऊन आली तसा तो म्हणाला, "डुकराची मूर्ती, आणि ती निंबाच्या काडीने? अगं, डुकराचा एकेक केस सुटा दिसायला हवा. त्याला साळिंदराचा काटा लागतो. पापण्यांना माशाचा काटा. आणि रेघ ओढायची तर बगळ्याचं पीस, तेही डाव्या पंखाचं!"

"डाव्याच का?" खारीने विचारले.

"कारागीर म्हणवतेस आणि एवढं ठाऊक नाही?" असे म्हणून कावळा उडून गेला. खारीने हातातल्या काडीकडे पाहिले. इतकी वर्षे जी काडी तिला पुरली, ती आज तिला उष्टी, चघळलेली आणि लाजिरवाणी वाटू लागली. तिने ती पाचोळ्यात टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी डुकरीण धाकट्याला घेऊन आली, तेव्हा खार साळिंदराच्या बिळाशी बसली होती. साळिंदर म्हातारा होता आणि त्याची झोप मोठी होती. "काटे मागून मिळत नाहीत, पोरी," तो आतूनच म्हणाला. "गळतील तेव्हा गळतील. घाई असेल तर बाभळीकडे जा." बाभळीचा काटा कसा चालेल? कावळ्याने साळिंदराचा सांगितला होता. आठ दिवस खार त्या बिळाच्या तोंडाशी बसून होती, तेव्हा कुठे तीन काटे मिळाले. त्यातला एक जाड निघाला.

मग माशाचा काटा. पाणमांजराचे जेवण संपेपर्यंत थांबायचे, आणि पाणमांजराचे जेवण काही संपत नाही. मग बगळा. तो एका पायावर ध्यान लावून उभा, आणि त्याचे पीस कधी गळेल ते त्यालाही माहीत नव्हते. एकदा गळले, तर ते उजव्या पंखाचे! खारीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा वाट बघत बसली.

मधल्या दिवसांत डुकरीण तीनदा येऊन गेली. धाकटे पिल्लू ऊन लागताच झाडाखाली आडवे होऊन झोपी जाई, आणि नेमकी डावी कूस वर करून झोपे. "आज करतेस का गं?" डुकरीण विचारी. "बघ, कसं शहाण्यासारखं निजलंय."

"आज नको, मावशी. हत्यारं पुरती जमू देत. एकदा जमली की बघशील," खार म्हणे. तिचे लक्ष मुळावर ओळीने मांडलेल्या काट्यांकडे असे. कुठला बारीक, कुठला अधिक बारीक, हे ती मातीच्या गोळ्यावर ओरखडे काढून पाही. ओरखडे खरोखर सुंदर येत. कुणाही कारागिराला मोह पडावा असे ते काटे होते, हे खारीच्या बाजूने सांगायलाच हवे.

शेवटी डाव्या पंखाचे पीस मिळाले. त्या दिवशी खारीच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिने माती सात वेळा मळली, खडा न् खडा वेचला आणि डुकरिणीला निरोप धाडला. डुकरीण आली. तिच्यामागे पाच पिल्ले आली. पाचही तपकिरी होती आणि पाचही राठ होती.

खार बघतच राहिली. पट्टे खरेच गेले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच, पण आता माघार कशी घ्यायची? "काही हरकत नाही," ती चाचरत म्हणाली, "मी पाहिलंय ना त्याला." आणि ती कामाला लागली. काट्यांनी तिने एकेक केस सुटा काढला. पापण्या काढल्या. नाकाच्या टोकावरच्या सुरकुत्यासुद्धा काढल्या. मग पीस घेऊन ती पट्ट्यांशी आली आणि तिचा हात थांबला. काहीतरी वेगळे होते खरे, पण काय आणि कुठे? आठवायला गेले की डोळ्यांसमोर साळिंदराचे काटेच येत. तिने पट्टे सरळ, अखंड ओढले आणि मूर्ती पुढे ठेवली. इतकी देखणी मूर्ती त्या जंगलात आजवर झाली नव्हती.

डुकरिणीने ती पुष्कळ वेळ हुंगली. मग म्हणाली, "फार सुरेख आहे गं. कुणाचं पिल्लू हे?"

खारीचा चेहरा पडला. "तुझंच आहे, मावशी! पट्ट्याचं काहीतरी राहिलंय. कुठल्या अंगाला होतं एवढं सांग, आत्ता काढते."

डुकरीण पिल्लांकडे वळली. आधी त्यांतले धाकटे कुठले तेच तिला दोनदा बघावे लागले. तिने त्याची एक कूस हुंगली, मग दुसरी हुंगली. "उजवीकडे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही. डावीकडे असेल." मग पाचही पिल्ले घेऊन ती नदीच्या बाजूला निघून गेली आणि मूर्ती तिथेच मुळावर राहिली.

तात्पर्य : हत्यार कितीही पारखून घेतले, तरी जे डोळ्यांनी पाहिले नाही ते हातातून उतरत नाही, आणि जे पाहायचे असते, ते आपली तयारी होईपर्यंत थांबत नाही.