उसळीला न उरलेले मटार

एकदा एक फरसाणाचा व्यापारी भर दुपारी आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला, वहाणा काढण्याचेही भान नाही. बस म्हटले तरी बसेना.

"गुरुजी, माझ्या धाकट्या लेकीला चार शब्द सांगा," तो म्हणाला. "आठ वर्षांची पोर, पण जिना चढली की धापा टाकते. वैद्य म्हणतात, पोटात भाजी नाही, फळ नाही, मग अंगात ताकद यायची कुठून? म्हणून मी घरात नियमच केला, ताटातली भाजी संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. तर आता ती माझ्या पंगतीलाच बसत नाही. माझ्या वहाणा वाजल्या की आत पळते."

वैद्यांच्या बोलण्याने तो घाबरला होता, पण लेकीच्या पळण्याने पुरता खचला होता.

गुरुजींनी विचारले, "तू जेवलास का?"

"सकाळपासून पोटात काही नाही. सुचतच नाही."

"मग इथेच जेव. आज मटारची उसळ करायची आहे, फक्त मटार तेवढे सोलायचे राहिलेत." असे म्हणून त्यांनी शेंगांची टोपली त्याच्यापुढे रिकामी केली, शेजारी पातेले ठेवले आणि ते आत निघून गेले.

व्यापारी चुळबुळत खाली बसला. लेकीची काळजी सांगायला यावे आणि शेंगा सोलत बसावे, ही कुठली रीत? पण गुरूंपुढे बोलायची सोय नव्हती. तो सोलू लागला. आतून चूल पेटल्याचा वास येईना की भांडे वाजेना. न राहवून तो उठला, दाराशी जाऊन डोकावला. गुरुजी भिंतीला टेकून, डोळे मिटून खुशाल बसले होते. तो परत आला, चार शेंगा सोलल्या, पुन्हा जाऊन डोकावला. पोटात कावळे ओरडत होते, दुकानात गिऱ्हाईक खोळंबले असेल, पोर घरी कशी असेल, एक ना दोन. हात मात्र चालूच होते.

उन्हे उतरल्यावर गुरुजी बाहेर आले आणि त्यांनी पातेल्यात पाहिले. सालांचा ढीग झाला होता, पण तळाला जेमतेम मूठभर दाणे होते.

"दाणे कुठे गेले रे?"

व्यापारी गोरामोरा झाला. तोंडातला घास त्याने घाईने गिळला. "कळलंच नाही, गुरुजी. कोवळे होते. एक तोंडात टाकला, मग..."

"आणि भाजी दिसली की नाक मुरडणारा तू. लहानपणापासून पाहतोय तुला." गुरुजी त्याच्याजवळ बसले. "बाळ, तुझ्या घरी संध्याकाळी दुकानातला शेवेचा पुडा येतो. पोरांची पोटं त्यानंच भरतात. मग भरल्या पोटी त्यांच्यापुढे भाजी येते आणि तू समोर पहारा देत बसतोस. अशानं पक्वान्नसुद्धा कडू लागेल. आज तू भुकेला होतास, शेंगा हाताशी होत्या आणि मी तुझ्याकडे बघत नव्हतो. याहून वेगळं मी काही केलं नाही."

"तुम्ही तर झोपला होतात."

"झोपलो कसला. दोनदा डोकावलास तू."

"मग लेकीला काय सांगू?"

"सांगून पुष्कळ झालं. आता काही दिवस गप्प राहा."

त्या संध्याकाळी शेवेचा पुडा दुकानातच राहिला. व्यापाऱ्याने येताना मटार आणि कोवळी गाजरे आणली, वहाणा फाटकापाशीच काढल्या आणि ओसरीवर बसून तो शेंगा सोलू लागला. थोड्या वेळाने दाराआडून लेक डोकावली. 'ये, खा' हे शब्द त्याच्या ओठांवर आले. ते परतवताना त्याला घाम फुटला, पण त्याने मान वर केली नाही. ती आली, हातभर अंतरावर बसली. शेंग फुटल्याचा बारीक आवाज झाला. मग आणखी एक.

"बाबा, ही गोड आहे," ती म्हणाली आणि तिने चार दाणे त्याच्या हातावर ठेवले.

तेवढ्यात तिची आई पातेले न्यायला बाहेर आली. "अहो, एवढेच दाणे? याची उसळ कशी करू?"

"उद्या जास्त आणतो," व्यापारी म्हणाला. पुढची शेंग लेकीला द्यावी म्हणून त्याने उचलली, क्षणभर धरली आणि पुन्हा ढिगात ठेवून दिली. ती तिने आपणहून घेतली.