तीन आठवड्यांचा अनुभव

“मग आता मी नेमकं काय शिकू, सर?”

मुजावर सर दर्ग्याच्या पायऱ्यांवरची कडुलिंबाची पानं झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वृंदा खांबेटेने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“ऐकलं मी,” सर म्हणाले. “दोन पायऱ्या राहिल्यात.”

वृंदा उभी राहिली. सकाळी पुण्याहून निघून पाच तास गाडी चालवत ती या टेकडीवर आली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या तंत्रनिकेतनात या माणसाने तिला प्रोग्रामिंग शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर सरांनी घराण्याकडे चालत आलेली या लहानशा दर्ग्याची देखभाल हाती घेतली. झाडलोट करायची, दिवा लावायचा, येईल त्याला पाणी द्यायचं. अंगात मात्र अजूनही पांढरा शर्ट होता, आणि खिशाला पेन.

झाडून झालं. सरांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“हं. बस की.”

ती पायरीवर बसली आणि लगेच तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. तिने एक तक्ता करून आणला होता. बाजारात कशाला मागणी आहे, कशाची कमी होते आहे, तिने काय काय केलं आहे. सात महिन्यांत अकरा प्रमाणपत्रं.

“अकरा,” सर म्हणाले.

“हो. रोज पहाटे साडेचारला उठून. माझ्याबरोबर ज्यांना काढलं, त्यांच्यातल्या कुणी चारसुद्धा केली नाहीत.”

“आणि?”

“आणि काय… कुणी बोलावत नाही.”

तिने ते अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. सर तिच्याकडे बघत राहिले.

“माझ्या हाताखाली अडतीस माणसं होती, सर. एका बँकेचं सगळं काम मी उभं केलंय. एकोणीस वर्षं. आणि परवा मुलाखतीला समोर जो बसला होता ना, त्याने मला विचारलं, की तुम्हाला लहान टीममध्ये जमेल का.”

“तू काय म्हणालीस?”

“जमेल म्हणाले.”

“खरं?”

वृंदा पडद्यावरचा तक्ता वरखाली सरकवत राहिली.

खरं तर तिला जमेल न जमेल याचं दुःखच नव्हतं. नोकरी जाऊन सात महिने झाले, तरी ती सकाळी साडेआठला आवरून तयार व्हायची. केस बांधायची, घड्याळ घालायची आणि घरातल्याच जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसायची. अकराच्या सुमाराला तिचे कान आपोआप टवकारायचे. त्या वेळेला तिच्या जागेमागून कुणी ना कुणी हाक मारायचं… वृंदा मॅम, एक मिनिट. ते एक मिनिट कधी एक मिनिटाचं नसायचं. तेव्हा तिला त्याचा वैताग यायचा. आता त्या हाकेसाठी जीव तुटायचा.

हे तिने घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सरांनाही सांगितलं नाही.

ती म्हणाली, “आज दुपारी तीनला एका एजन्सीचा फोन येणार आहे. जागा चांगली आहे. माझ्या योग्यतेची. पण त्यांना एका नव्या तंत्राचा दोन वर्षांचा अनुभव हवाय. मी ते तीन आठवड्यांपूर्वी शिकायला घेतलं. एजन्सीतली मुलगी म्हणते, दोन वर्षं लिहून टाका मॅम, सगळेच लिहितात.”

“बरं.”

“लिहू का?”

सरांनी थर्मास उघडला. दोन कपांत चहा ओतला. एक तिच्यापुढे ठेवला.

“काय आहे ते?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तीन आठवडे जे शिकलीस ते.”

“सर, ते तुम्हाला…” ती थांबली. मग समजुतीच्या स्वरात म्हणाली, “ते जरा वेगळं आहे. आपल्या वेळचं नाही.”

“म्हणूनच विचारतो.”

वृंदाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सरांनी तो हळूच मिटला.

“ते नको. तोंडाने सांग.”

तिला आठवलं. तंत्रनिकेतनात वीस मुलांत सहा संगणक होते. आपला प्रोग्राम सरांना आधी तोंडी, मराठीतून समजावून सांगितल्याशिवाय ते कुणाला यंत्राला हात लावू देत नसत. मुलं वैतागायची. वृंदा मात्र सरांना सांगायचं वाक्य रात्रंदिवस घोळवायची. सर ‘जा’ म्हणाले की प्रयोगशाळेपर्यंत पळत जायची.

तिने सुरुवात केली. “तर आपल्याकडे डॉक्युमेंट्स असतात. त्यांची एम्बेडिंग्ज तयार करून आपण व्हेक्टर डेटाबेसमध्ये…”

“नाही समजलं.”

“हां. म्हणजे… समजा कुणी यंत्राला प्रश्न विचारला. तर यंत्राला त्या प्रश्नाचा अर्थ कळतो, आणि ते…”

“अर्थ कळतो?”

“हो.”

“कसा?”

वृंदाने मिटलेल्या लॅपटॉपकडे हात नेला. आणि मागे घेतला.

कसा ते तिने वाचलं होतं. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न होता, चार पर्यायांतला तिसरा बरोबर होता, तिने तोच निवडला होता. पण आता तिला तो तिसरा पर्यायही आठवेना.

…

ऊन पायरीवरून खाली सरकलं. टेकडीच्या पायथ्याशी उसाचा एक ट्रॅक्टर कण्हत कण्हत गेला. सर चहा पीत होते. त्यांना घाई नव्हती.

“नाही येत मला,” शेवटी ती म्हणाली.

“येईल. पुन्हा सांग.”

ती अंगणाकडे बघू लागली. मग उठली, अंगणातले आठदहा खडे गोळा करून आणले आणि सरांच्या समोर मातीत उकिडवी बसली. महागड्या सलवारीला माती लागली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“सर, समजा हे अंगण म्हणजे सगळ्या शब्दांची जागा आहे. प्रत्येक शब्दाला इथे बसायला एक ठिकाण. आता हा खडा म्हणजे विहीर. हा आड. या दोघांना कुठे बसवायचं?”

“जवळ जवळ.”

“का?”

“दोन्हींत पाणी.”

“पण यंत्राला पाणी माहीत नाही. त्याने कधी पाणी बघितलं नाही. त्याने फक्त माणसांनी लिहिलेलं वाचलंय. लाखो पानं. विहिरीबद्दल लिहिताना माणसं पोहरा म्हणतात, दोर म्हणतात, पाणी शेंदलं म्हणतात. आडाबद्दल लिहितानाही तेच म्हणतात. म्हणून ते या दोघांना शेजारी बसवतं. आणि विमान…” तिने एक खडा दूर, पार भिंतीपाशी नेऊन ठेवला. “विमान तिकडे. मग तुम्ही प्रश्न विचारलात, की तुमच्या प्रश्नालाही अंगणात एक जागा मिळते. यंत्र बघतं, या जागेच्या आसपास कोण बसलंय. तेच उचलून आणतं. अर्थ त्याला कळत नाही, सर. त्याला जवळ कोण आहे ते कळतं.”

ती बोलायची थांबली. हे वाक्य तिने कुठे वाचलेलं नव्हतं. तिलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

सर खड्यांकडे बघत होते.

“आणि एखाद्या शब्दाच्या जवळपासचं कुणीच नसलं तर?”

“म्हणजे?”

“माणसांनी जो क्वचितच लिहिला. ज्याला शेजार नाही. तो कुठे बसतो?”

वृंदा विचार करू लागली. हातातला खडा इकडून तिकडे फिरवू लागली. “त्यालाही कुठेतरी बसवावं लागतंच. त्याचे तुकडे करतात, अक्षरांचे, आणि त्या तुकड्यांवरून अंदाजाने… पण तो अंदाज चुकू शकतो. थांबा. मग तिथे उत्तर चुकीचं येणार. म्हणजे आपण खेड्यातल्या माणसाचा, त्याच्या बोलीतला प्रश्न घातला, तर… सर, हे तपासून बघायला हवं. हे मी केलेलंच नाही.”

ती हे बोलत होती, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे सात महिने कुठेतरी गेले होते. तीही ते विसरली होती. किती तरी वर्षांनी तिला काहीतरी हवंसं वाटत होतं, जे मिळायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

“आता समजलं,” सर म्हणाले. “चांगलं आहे हे. फार चांगलं आहे.”

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले.

“म्हणजे मीही शिकलो. मग आता मला नोकरी मिळेल?”

वृंदा हसली. “तुम्हाला?”

“हो. मला.”

“नाही हो सर. कशी मिळेल?”

“का?”

“अहो, तुमचं व…”

शब्द अर्धाच राहिला.

…

तिने मान खाली घातली. परवाचा मुलाखतीतला मुलगा असाच हसला होता. वाईट नव्हता तो. त्याने पाणीही विचारलं होतं.

“म्हणजे मी शिकलो ते वाया गेलं?” सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“नाही,” वृंदा म्हणाली. “वाया कसं जाईल…”

तीनला दोन मिनिटं असताना फोन वाजला. पूर्वा नावाची ती एजन्सीतली मुलगी. आवाजात लगबग होती.

“मॅम, तुमचा बायोडेटा उघडून बसलेय. तेवढं एक वाक्य घालते आणि पाठवते. दोन वर्षं, बरोबर ना?”

वृंदाने सरांकडे पाहिलं. सर मिटलेल्या लॅपटॉपवरची माती बोटाने पुसत होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, आणि मुद्दाम बघत नाहीत असंही वाटत नव्हतं.

“तीन आठवडे,” ती म्हणाली.

“मॅम?”

“तीन आठवडे झाले शिकतेय. तसं लिहा.”

“मॅम, असं लिहिलं तर तुमचं नाव पुढे जाणारच नाही. मी तुमच्या भल्यासाठीच सांगते.”

“मला माहितीये, पूर्वा. तुमचा वेळ घेतला.”

तिने फोन पर्समध्ये टाकला. तिला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. एक दार होतं आणि ते तिने स्वतःच्या हाताने ओढून घेतलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर ती जागा आली, खिडकीजवळचं टेबल, मागून येणारी ती हाक. ती रडली नाही. फक्त हात थंड पडले होते, ते तिने कपाभोवती धरले. चहा केव्हाच निवला होता.

पुढे चार महिन्यांनी तिला काम मिळालं. कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत, जिथे नऊ माणसं होती आणि तिचा साहेब तिच्याहून चौदा वर्षांनी लहान होता. हुद्दा पूर्वीच्या तुलनेत सांगण्यासारखा नव्हता. मुलाखतीत तिला विचारलं होतं, हे तंत्र कुठे चुकतं. बाकीचे उमेदवार ते कुठे उपयोगी पडतं हे सांगत बसले होते. वृंदा अर्धा तास बोलली. पण हे पुढचं. त्या दुपारी तिच्या हाती काहीच नव्हतं, आणि आणखी काही येईल याची खूणही नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “तुम्हाला शिकवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा मी पुण्यात होते. मला नंतर कळलं.”

“हं. मी शिकवायचो ती भाषा अभ्यासक्रमातून गेली. नवीन भाषेला नवीन माणूस आला. मला स्टोअरला बसवलं. वायरी द्यायच्या, वायरी परत घ्यायच्या.”

“मग तुम्ही नवीन भाषा शिकला नाहीत?”

“शिकलो की. घरी संगणक नव्हता, वहीतच शिकलो. तीन वह्या भरल्या.”

“मग त्यांना सांगायचं ना.”

“सांगितलं. प्राचार्य म्हणाले, वा.”

वाऱ्याने कडुलिंब हलला. नुकत्याच झाडलेल्या पायरीवर पाचसहा पानं येऊन पडली. सरांनी ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

“स्टोअरच्या दारात पाऊल वाजलं, की वाटायचं,” सर म्हणाले, “वर्गातून कुणीतरी बोलवायला आलंय. सर, आम्हाला हे येत नाही, जरा या…”

“यायचं कुणी?”

“वायरी न्यायला यायचे.”

तिला वाटलं होतं, हा माणूस कधीच या सगळ्यापलीकडे गेला. म्हणून तर ती इतक्या लांबून आली होती, तो रस्ता विचारायला.

लॅपटॉप पिशवीत घालून तिने ती खांद्याला लावली. वाकून नमस्कार केला. पण पाय निघेना.

“किती वर्षं होता तिथे?”

“सहा.”

“सहा वर्षं वाट पाहिलीत, सर?” तिचा आवाज अगदी खाली गेला. “मग ते थांबलं कधी? ते वाट बघणं…”

सरांनी थर्मासचं झाकण लावलं. उतरणीच्या रस्त्याकडे, जिथून ती आली होती, तिकडे थोडा वेळ पाहिलं.

“थांबलं, असं कुणी सांगितलं तुला?”