गेनूचे स्प्रिंग रोल

भोळी माणसं गावोगाव असतात. पारवाडीत एकच होता, गेनू. पण तो अख्ख्या तालुक्याला पुरला असता.

त्याच्या बहिणीला, रंजूला, बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं गेनूच्या कर्तबगारीनं परत गेली होती. "हेही मोडलं ना दादा, तर जन्मभर तुझ्याच उरावर बसेन," रंजू म्हणाली. मुलाला चायनीज आवडतं असं कळलं, म्हणून पोह्यांऐवजी स्प्रिंग रोल ठरले. रंजूनं कोबी-गाजराचं सारण परतलं, मैद्याच्या पातळ पोळ्या केल्या आणि ती साडी नेसायला गेली. रोल भरायचं काम गेनूकडे आलं. आई बैठक आवरण्यात गुंतलेली, दुसरं होतंच कोण!

गेनूनं वाफाळतं सारण भरलं. पोळ्या फाटल्या.

"अरे, गरम असताना आत घालायचं नाही!" रंजू ओरडली. "गार झालं की मगच आत."

"बरं."

तेवढ्यात मुलगा आणि त्याचे आईवडील दारात आले. भर दुपार, तिघंही घामाघूम. गेनूनं वडिलांच्या हाताला हात लावून पाहिला.

"गरम आहे. गार झाल्याशिवाय आत घेता येत नाही. फाटतं."

गेनूची आई धावत आली. पाहुणे आत बसले. मग तिनं गेनूला स्वयंपाकघरात गाठलं. "मेल्या, ताटकळत ठेवतात का कुणाला? आल्या आल्या आत घ्यायचं!"

"बरं."

कढईत तेल नुकतंच ओतलं होतं. ताटकळायला नको म्हणून गेनूनं रोल थंड तेलातच सोडले. रोलांनी सगळं तेल पिऊन टाकलं.

"आधी तुकडा टाकून बघायचं रे," रंजू रडकुंडीला आली. "वर आला तर तयार. बुडाला तर थांबायचं."

"बरं."

बाहेर मुलाचे वडील चहा घेत होते. गेनूनं त्यांच्या कपात पोळीचा तुकडा टाकला. तो बुडाला. "अजून तयार नाही," म्हणत गेनूनं कप काढून घेतला. वडील बघतच राहिले. मुलगा मात्र खुदकन हसला, आणि दाराआडून रंजूही हसली. तिथंच जमलं म्हणा ना.

पुढचे रोल तेलात उघडले. सगळं सारण कढईभर झालं.

आता आईनंच शिकवलं. "भरलं की दोन्ही बाजू आत दुमडायच्या, गुंडाळायचं, कडेला खळ लावून चिकटवायचं. नाहीतर आतलं सांडतं. मग तळायचं. कळलं?"

"कळलं."

शेवटी रंजूनंच पदर खोचून रोल तळले. मुलानं दोनदा मागून घेतले. त्याची आई मोठी कडक बाई, पण तिनंही तोंड पुसलं आणि म्हणाली, "मुलगी पसंत आहे."

गेनूच्या आईचे डोळे भरून आले. तिनं लगबगीनं त्या बाईंची ओटी भरली. पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला.

गेनू दारातून बघत होता. भरलं तर होतं. पण बाजू उघड्या, आणि तांदूळ सांडायच्या बेतात! तो खळीची वाटी घेऊन धावला. रेशमी पदर दोन्हीकडून आत दुमडला, गुंडाळला आणि कडेला खळ लावून घट्ट दाबून धरला. रंजूनं डोळे मिटून घेतले.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," गेनू म्हणाला. "आई, मोठी कढई कुठाय?"