निळीचे फडके

पूर्वी शिलावती नगरीत दृढसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नाव सोमक.

नगरीबाहेर एक ओढा होता. वरच्या अंगाला राजाचा मेहुणा मेखल याची निळीची कुंडे होती. दिवसभर कापड बुडवायचे आणि सांज झाली की चुना-निळीचा रेंदा सरळ ओढ्यात लोटायचा, असा त्याचा खाक्या. खाली बुरुडांची वस्ती. ती तेच पाणी पीत होती. लेकरांची पोटे बिघडली, अंगांवर फोड उठले, रोहिका बुरुडिणीचा तान्हा नातू दगावला. मेखल वर तोंड करून म्हणायचा, "यांना अंघोळी नकोत, म्हणून पाण्याला नावे ठेवतात!"

वस्तीने दाद मागितली. जलाधिकाऱ्याने वस्तीच्या घाटावरचे पाणी दरबारात आणले. राजाने चाखले. नितळ, गोड, वर वाळ्याचा सुगंध! पुन्हा दाद मागितली, पुन्हा तेच. राजा संतापला. "उद्या शेवटचे पाहू. पाणी चांगले निघाले, तर या खोटारड्यांची वस्ती उठवा." मेखलला आणखी काय हवे होते? काठ मोकळा झाला की नवी कुंडे मांडायला जागा झाली.

सोमकांना चैन पडेना. ते ओढ्यावर गेले. कुंडांच्या वर त्यांनी दगड उलटले, तर खाली झिंगे, किडे, बोटाएवढे खेकडे. वस्तीपाशी दगड उलटले, तर नुसता निळसर बुळबुळीत गाळ. बेडूकसुद्धा नाही.

रोहिका कांब सोलत बसली होती. हातातली कोयती न थांबवता ती म्हणाली, "या अमात्य. आमच्या मढ्यांचा वास पोचला वाटतं दरबारात?"

"दरबारात येतं ते पाणी असं नसतं, आजी."

"कसं असेल? तुम्ही गाळून पिणारी माणसं. एकदा आम्हालाही गाळून घ्या, मग आम्हीही चांगले दिसू!"

सोमक जागच्या जागी थबकले. न गाळलेले पाणी राजापुढे न्यायचे नाही, ही त्या दरबाराची जुनी रीत. बिचाऱ्या जलाधिकाऱ्याने लबाडी केलीच नव्हती. निवळीचे बी उगाळून गाळ बसवायचा, घडी घातलेल्या फडक्यातून पाणी गाळायचे, वाळा घालायचा. तो आपले काम चोख करीत होता. राजा ओढा नव्हे, जलाधिकाऱ्याची मेहनत चाखत होता. आणि एवढी शहाणी सभा माना डोलवत होती!

सोमक ओढ्यावर जाऊन आल्याचे कळताच सांजेला मेखल त्यांच्या घरी आला. "अमात्य, माझी आमराई तुमची. उद्या फक्त गप्प बसा."

"लेकरं मरताहेत."

"बुरुडांचीच ना? त्यांना काय तोटा आहे लेकरांचा!"

सोमकांनी त्याला दार दाखवले.

दुसऱ्या दिवशी चांदीच्या झारीतून पाणी आले. राजाने हात पुढे केला, तोच सोमक उभे राहिले. "महाराज, पाणी राहू द्या. हे ज्यातून गाळले, ते फडके मागवा."

"राजापुढे गाळायची चिंधी?" मेखल ओरडला. "अमात्यांचे डोके फिरले!"

"ते निर्मळ निघाले तर माझे पद घ्या आणि मलाही त्या वस्तीबरोबर हाकला."

फडके आले. अजून ओले होते, पदरापदरात निळा रेंदा. राजाने ते उलगडले आणि त्याची बोटे निळी झाली.

"हे मी प्यालो?"

"नाही महाराज. तुमच्यासाठी हे मागे राहिले. वस्ती हेच पिते."

राजाने कुंडे फोडायला सांगितली, वस्तीला अभय दिले, आणि सोमकांना म्हणाला, "काय हवे ते मागा."

"आजपासून राजवाड्याच्या घागरी सगळ्यात खालच्या घाटावर भरा, महाराज. बुरुडांच्याही खाली. आणि गाळू नका."

राजाने ते मान्य केले. त्यानंतर त्या ओढ्यात घाण टाकायची कोणाची छाती झाली नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा मेखल म्हणजे आज सकाळी पाणवठ्यात खरकटे पात्र धुऊन वर भांडणारा हा भद्रक. दृढसेन म्हणजे त्याला पाहूनही न पाहिल्यासारखे करणारा पुष्पिल. रोहिका म्हणजे ही ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी कुंडला, आणि सोमक मीच होतो. पद पणाला लावून आणि आमराई नाकारून तेव्हा मी जे धरले, ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ती."